हॉस्पिटल सोडून शाळेत

नर्सिंग करून शाळेत नोकरी घेतली म्हटलं की आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला, का गं, हॉस्पिटलमध्ये नाही मिळालं? मिळालं होतं ना. बीएससी झाल्यावर वॉर्ड केला, नाइट केल्या, आवडायचंही. पण वॉर्डात हाक मारली की डॉक्टर येतात, इथे मी एकटी, समोर रडणारं मूल, दारात घाबरलेल्या टीचर, आणि १०८ बोलवायची, घरी पाठवायचं की परत वर्गात बसवायचं हे मीच ठरवायचं. हे आरामाचं काम वाटत असेल तर वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा, पतंगांचा दिवस, झाल्यावर शाळा उघडते त्या दिवशी माझ्या खोलीत येऊन बसा. मांजाने कापलेली बोटं, घरी हळद भरून बांधलेली, एखादं पिकलेलं, आणि प्रत्येकाला विचारायचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं. नवरात्रात अनवाणी गरबा खेळून तळपायाला फोड, आणि न खाता आलेल्या पोरी प्रार्थनेला उभ्या उभ्या चक्कर येऊन खाली.

पण मला सांगायचंय ते शिकवण्याबद्दल. आठवीत एका मुलाला फिट आली, मी पळत पोचले तोवर मुलांनी बाक सरकवून त्याला कुशीवर वळवलं होतं, डोक्याखाली स्वेटरची घडी, आणि एक मुलगी घड्याळ बघत उभी, "बेन, बे मिनिट थई!" म्हणजे दोन मिनिटं झाली. कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही. हे सगळं आम्ही हेल्थच्या तासाला जमिनीवर झोपून करून बघितलं होतं. पाच मिनिटांच्या वर गेली असती तर थेट १०८, पण त्याआधीच थांबली. तो शुद्धीवर आल्यावर वर्गात एकही जण हसला नाही, याचा मला जास्त आनंद झाला.

१९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या शाळांमध्ये लीना रॉजर्स या नर्सला नेमलं ते याचसाठी. डॉक्टर उवा, खरूज, खुपऱ्या असलेली मुलं शोधून घरी पाठवायचे आणि ती उपचाराविना घरीच राहायची. ही बाई घरोघर जाऊन आयांना शिकवायला लागली आणि गैरहजेरी भराभर कमी झाली. आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. मग शाळेत आलेलं मूल आजारपणामुळे गळू नये एवढं तरी आपण बघायला नको?

आता नर्सिंग कॉलेजची मुलंमुली कम्युनिटी पोस्टिंगला माझ्याकडे येतात. उंची-वजन, सहा मीटरवरून डोळ्यांचा तक्ता, हे त्यांना लगेच जमतं. अवघड जातं ते मुलांशी बोलणं. मी सांगते, पोट दुखतंय म्हणाली तर आधी नीट तपासा, मग शेजारी बसा आणि गप्प राहा. अशीच सहावीतली एक बऱ्याच वेळाने बोलली, पाळी सुरू झालेली, घरी सांगितलेलं नाही आणि बाथरूमची कडी तुटलेली. प्रिन्सिपॉलसरांच्या मागे लागून कडी त्याच दिवशी बसवून घेतली, आणि मी तर म्हणते हेही नर्सिंगच.

ज्युनियर विचारतात, शाळेत यावं का? या, पण आधी थोडी वर्षं वॉर्ड कराच, सिरियस पेशंट हाताळला नसेल तर साधं दुखणं कुठलं आणि धोक्याचं कुठलं हे कळत नाही. आणि इंटरव्ह्यूत पगाराआधी विचारा, वेगळी खोली आहे का, त्यात बेसिन आहे का, टाइमटेबलमध्ये हेल्थचा तास देणार का. तासाला नाही म्हणाले तर सोडू नका, आठवड्यातून एक तरी मागून घ्याच.