149 आला कुठून?

गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीच्या, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या जीसी-एमएसच्या, प्रत्यक्ष हाताळणीचे प्रशिक्षण आम्ही छत्रपती संभाजीनगरच्या प्रयोगशाळेत उन्हाळी सुट्टीत देतो. मिश्रणातली उडणारी संयुगे वेगळी करून त्यांच्या तुकड्यांच्या वस्तुमानावरून ती ओळखणारे हे यंत्र. बीड, परभणी, हिंगोलीकडून येणाऱ्या बहुतेक प्राध्यापकांनी हे यंत्र केवळ अहवालातून पाहिलेले असते. नमुना कुरिअरने पाठवायचा, शुल्क भरायचे आणि संयुगांच्या नावांचा तयार तक्ता मिळवायचा, ही रीत पडून गेली आहे. तिच्याबद्दलचा माझा राग जुनाच. यंदा त्यात काळजीची भर पडली.

सुरुवातीला मी कोणालाही संगणकासमोर बसू देत नाही, आधी कॉलम, म्हणजे संयुगे जिच्यातून जाताना वेगळी होतात ती नळी, कापायला शिकवतो. 30 मीटर लांब आणि आतून 0.25 मिलिमीटर व्यासाची ती सिलिकाची नळी, तिच्यावर नट आणि फेरूल (जोड घट्ट बसवणारी बारीक कडी) आधी ओवायचे आणि मगच टोक कापायचे, कारण फेरूलचा बारीकसा कण आत अडकला तरी पीकला, म्हणजे आलेखात संयुगागणिक उठणाऱ्या उंचवट्याला, शेपूट फुटते. पात्याने ओरखडा काढून नळी हलकेच मोडायची आणि भिंगाखाली काप अगदी सरळ दिसेपर्यंत पुन्हा कापायची. पंप चालू झाल्यावर 18, 28 आणि 32 या वस्तुमानांकडे, म्हणजे पाणी, नायट्रोजन आणि ऑक्सिजनकडे, पाहायचे. 28 आणि 32 साधारण चारास एक अशा प्रमाणात वर चढले असतील, तर कुठून तरी हवा शिरते आहे. ही गळती हाताने शोधून बंद केलेला माणूस पुढे छापील तक्त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवत नाही, असा माझा अनुभव आहे.

यंदाच्या तुकडीत बालाघाटच्या डोंगरातील सीताफळाच्या पानांवर पीएच.डी. करणाऱ्या एक प्राध्यापिका होत्या. बाहेरून करून घेतलेला तक्ता त्यांनी सोबत आणला होता आणि त्यावर आधारित लेखही छापून आला होता. तक्त्यातला सर्वांत मोठा पीक बिस(2-इथाइलहेक्झिल) थॅलेटचा होता, लायब्ररीशी, म्हणजे संगणकातील ज्ञात संयुगांच्या संग्रहाशी, जुळणी उत्तम होती, आणि लेखात त्याला पानातील जीवाणूरोधक घटक म्हटले होते. हे संयुग पीव्हीसी प्लास्टिक लवचिक करण्यासाठी वापरतात. मी विचारले, "मॅडम, ब्लँक चालवला होता का?" ब्लँक म्हणजे पानांशिवायचा कोरा नमुना; तो कोणी चालवलाच नव्हता.

त्यांच्याच प्लास्टिकच्या बाटलीत, त्यांच्याच नळीतून, त्याच मिथेनॉलने आम्ही सगळी कृती पुन्हा केली, फक्त पाने घातली नाहीत. पीक त्याच वेळेला आला, आणि त्याखाली 149, 167, 279 या वस्तुमानांचे तुकडे स्वच्छ दिसत होते; त्यांतला 149 ही थॅलेटांची ठळक खूण. नंतर विद्रावकाने धुतलेली केवळ काचेची भांडी वापरून पानांचा अर्क काढला, तेव्हा तो पीक जवळजवळ नाहीसा झाला आणि आधी त्याच्या उंचीपुढे दिसतही नसलेले लहान पीक वर आले. त्यांतला एक बीटा-कॅरियोफायलीन या वनस्पतीतल्या सुगंधी संयुगाचा निघाला; त्याचा धारणकाळ, म्हणजे कॉलममधून बाहेर यायला लागणारा वेळ, अल्केन या ज्ञात संयुगांच्या मालिकेशी ताडून पाहिल्यावरच मी त्यांना ते नाव वहीत लिहू दिले. सीताफळाची खरी ओळख असलेली अ‍ॅसिटोजेनिन्स ही संयुगे तर 600 च्या आसपास रेणुभाराची, न उडणारी; ती या यंत्रातून कॉलमपार होणारच नव्हती आणि त्यासाठी वायूऐवजी द्रवाच्या प्रवाहात संयुगे वेगळी करणाऱ्या एलसी-एमएसकडे जावे लागते. नमुना घेताना ही एवढी गोष्ट त्या बाहेरच्या प्रयोगशाळेने सांगायला हवी होती.

मॅडमनी जीवाणूंवर केलेले प्रयोग खोटे नव्हते. पानांच्या अर्काने वाढ रोखली असेलही, पण श्रेय ज्याला दिले ते पानातले नव्हते, आणि विद्रावकाचा कोरा नमुना तिथेही ठेवलेला नसल्याने आता खात्रीने काही म्हणता येत नाही. त्यांनी मार्गदर्शकांना फोन केला. "परीक्षक इतके खोलात जात नाहीत, प्रबंध वेळेत द्या," असे उत्तर आले. मग त्यांनी मला विचारले, "सर, छापून आलेल्या लेखाचे काय करू?"

संपादकांना दुरुस्तीचे पत्र लिहा, असे मी लगेच सांगितले. विज्ञानाच्या दृष्टीने दुसरे उत्तर नाही, असे मला आजही वाटते. मात्र प्रबंधावर सही त्या मार्गदर्शकांची लागणार आहे, माझी नाही, आणि नोकरीतील मॅडमची पुढची वाटही त्या सहीवरच अवलंबून आहे. पत्राचा मसुदा त्यांनी मला दाखवला आहे, ब्लँकचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे पीकांचा आलेख, त्याला जोडला आहे. तो अजून पाठवलेला नाही, आणि पाठवा म्हणून दुसऱ्यांदा आग्रह धरण्याचा अधिकार मला आहे की नाही, हे माझे मलाच ठरवता आलेले नाही.