कोरडा पुठ्ठा

ऑक्सफर्डजवळच्या ज्या छोट्या गॅरेजमध्ये मी जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करतो, तिथून ॲबिंग्डन फार लांब नाही. १९६२ ते १९८० या काळात एमजीबी गाड्या त्याच गावात जुळवल्या जात. एका सकाळी एक निवृत्त शिक्षक आपली १९६७ ची एमजीबी घेऊन आले, आणि गाडीच्या किल्लीआधी त्यांनी माझ्या हातात एक वही ठेवली. प्रत्येक वेळी भरलेले पेट्रोल, ऑइल आणि कापलेले मैल त्यांनी वहीत लिहिले होते. गाडी अ‍ॅव्हरेज किती देते, हा प्रश्न आपल्याकडेच विचारतात असे मला पूर्वी वाटे! हिशेब असा होता, की गॅलनला १९ मैल, म्हणजे लिटरला जेमतेम पावणेसात किलोमीटर, आणि दर २५० मैलांना एक लिटर ऑइल. इंजिनात एकूण ऑइलच सव्वाचार लिटर मावते.

आधीच्या एका गॅरेजने त्यांना पूर्ण इंजिनकाम सुचवले होते, आणि त्यात अगदीच चूक होती असे मी म्हणणार नाही. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की निळा धूर येई, जोर दिला की जवळजवळ नसे. अशा वेळी कोणाच्याही मनात आधी व्हॉल्व्ह गाइड, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्या ज्यांत सरकतात त्या झिजलेल्या नळ्या येतात, माझ्याही आल्या. पण चारही सिलिंडरचा दाब १६० पौंडांच्या आसपास आणि जवळजवळ सारखा निघाला, त्यामुळे पिस्टनच्या रिंगांवरचा संशय बराच कमी झाला. मग मी सहज विचारले, की घरी गाडीखाली काय अंथरता? ते म्हणाले, पुठ्ठा. पण तो वर्षभर कोरडाच आहे.

एमजीबीखालचा पुठ्ठा कोरडा, ही गोष्ट मला ऑइलच्या आकड्याहून विचित्र वाटली. या इंजिनाच्या टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या भागांच्या, बाजूच्या झाकणांतून थोडे तरी ऑइल झिरपतेच. ते झिरपत नसेल, तर आतून काहीतरी ते ओढून घेत असले पाहिजे. इंजिन मंद चालू ठेवून मी ऑइल भरायचे झाकण काढू लागलो, तर ते हिसका देऊनच सुटले आणि सुटताच इंजिन अडखळून बंद पडले. सगळे ठीक असते, तर उलट त्याची गती किंचित वाढायला हवी होती.

त्या काळच्या एमजीबीत क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातली वाफ इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीत, सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. मॅनिफोल्डची ओढ वाढली की आतला डायफ्रॅम, म्हणजे रबरी पडदा, खाली दबून वाट अरुंद करतो. मी वरची तार काढून झाकण उचलले, तेव्हा तो डायफ्रॅम अर्ध्या परिघात फाटलेला दिसला. वाट सतत सताड उघडी राहिल्याने, पाय काढल्यावर ओढ सर्वांत जास्त असते नेमके तेव्हाच, ऑइलचे तुषार थेट सिलिंडरमध्ये जात होते.

पेट्रोलचे कोडेही तिथेच सुटले. फाटलेल्या रबरातून जादा हवा आत शिरल्याने मंद गतीत मिश्रण पातळ होऊन, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून, इंजिन थरथरे. ते थांबवण्यासाठी कोणीतरी दोन्ही एसयू कार्बोरेटरचे जेट खाली उतरवून पेट्रोल वाढवून ठेवले होते. मंद गतीची थरथर त्याने कमी झाली, पण रस्त्यावर धावताना तेच वाढीव पेट्रोल वाया जात होते. प्लगवर काजळी आणि ऑइल दोन्ही जमले होते, ते का, हे आता कळले.

नवा डायफ्रॅम काही पौंडांत आला. जेट पुन्हा वर घेऊन, दोन्ही कार्बोरेटरची ओढ सारखी करून, प्लग बदलून संध्याकाळी गाडी परत दिली.

सहा आठवड्यांनी ते वही घेऊन आले. गॅलनला २६ मैल, आणि ६०० मैलांत जेमतेम पाव लिटर ऑइल. शेवटच्या पानाशी पुठ्ठ्याचा एक कापलेला तुकडा होता, त्यावर नाण्याएवढा काळा डाग. तो टॅपेटच्या झाकणाखालचा आहे, असे त्यांनीच मला सांगितले.