म्हात्रे पूल ते बंडगार्डन नदीकाठाने: मधला तुकडा सरळ सोडून द्या

आमच्या वॉकिंग ग्रुपवर एक मॅप फिरतोय, त्यात पुण्यातल्या म्हात्रे पुलापासून बंडगार्डनपर्यंत नदीकाठाने एक सलग हिरवी रेघ मारलीय आणि खाली लिहिलंय 'सोपा, सपाट, फॅमिलीसाठी उत्तम'. रविवारी तो पूर्ण चाललो. साफ खोटं आहे ते! ज्याने रेघ मारली तो शिवाजी पुलाच्या पुढे पायी गेलेलाच नाहीये, हे मी खात्रीने सांगतो.

सुरुवातीचा भाग ठीकच आहे. म्हात्रे पूल, गरवारे कॉलेजच्या मागचा नदीपात्रातला रस्ता, लकडी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल, मग मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने वृद्धेश्वर-सिद्धेश्वर घाट. सकाळी सातच्या आत निघा, नंतर टू-व्हीलरवाले सुरू होतात. एवढंच.

शिवाजी पूल (आपला नवा पूल) ओलांडला की खरी गंमत संपते. डेंगळे पुलाच्या आसपास वाट म्हणून जे काही आहे ते म्हणजे राडारोड्याचे ढीग, फुटक्या फरश्या, गाद्यांचा कापूस, आणि एका ठिकाणी पाइपातून काळं फेसाळ पाणी थेट नदीत पडतंय, त्याच्यावरून उडी मारून पलीकडे जायचं. माझ्या पुढच्या काकांचा पाय घोट्याच्या वर रुतला, बूट आत राहिला आणि पाय बाहेर आला, तो बूट काठीने उकरून काढावा लागला. चांगले ट्रेकिंग शूज असूनही ही अवस्था, मग चप्पल घालून लहान पोरांना आणणाऱ्यांचं काय होणार? वास इतका की नाकाला रुमाल लावूनच चाललो. कुत्र्यांची टोळीसुद्धा आहे. किती वेळ गेला ते सांगत नाही पण चीड अजून गेलेली नाही, कारण नदीच्या काठाला एवढं चांगलं शहर वसलंय आणि संगमावर, जिथे मुळा आणि मुठा मिळतात, तिथे पायी पोचायला माणसाला धड एक वाट नाही.

वर येऊन पाटील इस्टेटवरून संगमवाडीचा पूल धरला तर पुढे संगमवाडी रोड. तिथे ट्रॅव्हल्सच्या बसेस फुटपाथला चिकटून उभ्या, त्यामुळे तुम्ही रस्त्यावरून चालणार आणि मागून हॉर्न. दमून रिक्षा बघितली तर एकाने बंडगार्डनचे दोनशे सांगितले, मीटर टाकायला तयार नाही. तीनेक किलोमीटर अंतर आहे हो, मीटरने पन्नास-साठच्या घरात होतं. नाही दिले, चालत गेलो.

म्हणून माझं ऐका, शिवाजी पुलापाशी थांबा, सिव्हिल कोर्ट (आताचं जिल्हा न्यायालय) मेट्रो स्टेशन गाठा आणि मेट्रोने बंडगार्डन स्टेशनला उतरा. फुटकळ तिकीट, एसी, पाय कोरडे. ज्यांना 'पूर्ण केलं' म्हणायचंय त्यांनी खुशाल करा, पण सोबत घरच्यांना ओढू नका.

बंडगार्डनला मात्र जाच. जुना फिट्झगेराल्ड पूल, १८६७ चा, आता गाड्यांना बंद, त्यामुळे मधोमध उभं राहून दोन्हीकडे निवांत बघता येतं, टोकाचे दगडी सिंहही बघा. रिव्हरफ्रंटचा, म्हणजे नदीकाठ सुशोभीकरणाचा, जो तुकडा तिथे तयार झालाय तो चालायला गुळगुळीत आहे पण सावली नाही, नऊनंतर तापतो. मला तरी झाडं असलेला कच्चा काठ त्याच्यापेक्षा दहापट आवडतो, आणि तो बघायचा तर सलीम अली पक्षी अभयारण्याच्या बाजूला या, येरवडा-कल्याणीनगरकडून. थंडीत थापट्या बदकं, चक्रवाक, शेकाटे दिसतात. चक्रवाकांची केशरी जोडी उन्हात बघितली आणि सकाळचा सगळा राग तेवढ्यापुरता विसरलो. दुर्बीण असेल तर न्या. ओडोमॉस तर न्याच, जलपर्णीमुळे डास भयंकर आहेत.

पाणी दोन लिटर सोबत ठेवा, काठावर भरवशाचं पाणी मिळत नाही. परतीला कल्याणीनगर किंवा येरवडा स्टेशन जवळ पडतं. आणि पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सोडलं की सगळ्यात आधी भिडे पूल आणि हा नदीपात्रातला रस्ताच पाण्याखाली जातो, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी विसर्गाची बातमी बघूनच घराबाहेर पडा.