ग्रेटफुल डेडचा ‘तो एक’ अल्बम

८ मे, रात्री उशिरा

पिंक फ्लॉइड म्हटलं की १९७३चा ‘डार्क साइड ऑफ द मून’. फ्लीटवुड मॅक म्हटलं की १९७७चा ‘रूमर्स’. ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचं नाव घेतलं की असा एकच एक अल्बम पुढे येत नाही, आणि तेवढ्यावरून लोक त्यांना मागच्या रांगेत बसवतात. आज चहाच्या वेळी पुन्हा तेच ऐकलं: “एवढा मोठा बँड, मग त्यांचा ‘तो’ अल्बम कुठला?” मोठ्या बँडला ‘तो’ अल्बम लागतोच, हेच मला मान्य नाही. का नाही, ते एकदा लिहून काढते.

त्यांच्याकडे चांगले अल्बम नाहीत असं मुळीच नाही. १९७० या एकाच वर्षात दोन आले, ‘वर्किंगमन्स डेड’ आणि ‘अमेरिकन ब्यूटी’. दुसऱ्यातलं ‘रिपल’ ऐकताना अजूनही माझा घसा दाटून येतो. गीतकार रॉबर्ट हंटरचे शब्द, बँडचा गायक-गिटारवादक जेरी गार्सियाचा थोडा थकलेला आवाज, तिघांनी मिळून गायलेले सूर. पण ही सगळी आटोपशीर, लोकसंगीताच्या वळणाची गाणी आहेत. फक्त ‘अमेरिकन ब्यूटी’ ऐकलेल्या माणसाला हा बँड रंगमंचावर काय करायचा याचा अंदाजसुद्धा येणार नाही. त्यांचा सगळ्यात सुंदर स्टुडिओ अल्बम हाच, असं मी डोळे मिटून म्हणेन. त्यांची ओळख मात्र त्यात मावत नाही.

‘डार्क स्टार’चंच बघा. १९६८ साली ते तीन मिनिटांच्या आतलं सिंगल म्हणून निघालं आणि फारसं कुणी विकत घेतलं नाही. पुढच्याच वर्षी ‘लाइव्ह/डेड’ आला. त्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये वाजवलेलं तेच गाणं तेवीस मिनिटांचं आहे. चाल तीच, शब्द तेच चार. पण फिल लेशचा बास गिटार गार्सियाच्या गिटारला खालून नुसता आधार देत नाही, तो तिच्याशी बोलतो, मधेच अडवतो, वेगळ्या वाटेला नेतो. २७ ऑगस्ट १९७२ला ओरेगनमधल्या व्हेनेटा गावी, कडक उन्हात, तेच गाणं अर्ध्या तासाच्या वर गेलं आणि पुन्हा वेगळंच झालं. यातलं ‘खरं’ कुठलं, याला उत्तर नाही. तसा प्रश्न विचारण्यातही अर्थ नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी साडेतीन मिनिटांची. १९७७ साली ती व्हॉयेजर यानातल्या सोनेरी तबकडीवरून अवकाशात गेली. ऐकताना अंगावर काटा येतो. तरी बाईंचं गाणं म्हणजे ती तबकडी, असं त्यांना समोर बसून ऐकलेल्या कुणीही म्हटलं नसतं. तबकडीवर जेवढं मावलं तेवढं आलं. बाकीचं मैफिलीत होतं.

आणि डेडच्या बाबतीत हा संबंध माझ्या मनापुरता नाही. ड्रमर मिकी हार्ट अल्लारखाँसाहेबांकडे शिकलेला. ‘लाइव्ह/डेड’वर ‘द इलेव्हन’ नावाचं गाणं आहे, ते अकरा मात्रांचं. १९७६ साली हार्ट आणि झाकीरभाईंनी ‘दिगा’ नावाचा तालवाद्यांचा अल्बम केला. त्यातल्या ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’मध्ये गार्सियाची गिटारही आहे. तीच चाल पुढे हंटरचे शब्द लागून ‘फायर ऑन द माउंटन’ झाली. माहीमच्या घरात वाढलेल्या तबलजीचा हात या गाण्याच्या मुळाशी आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

आज तारीख ८ मे, म्हणून तेच लावलं होतं: डेडचा ८ मे १९७७चा कार्यक्रम, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल. ‘स्कार्लेट बेगोनियाज’ संपता संपता गाणं सैल होत जातं, गायिका डोना जीनचा आवाज विरतो, आणि लेश दोनच स्वरसंघांच्या फेऱ्यात येऊन बसतो. ‘फायर’ नेमकं कुठे सुरू झालं ते मला आजही बोट ठेवून सांगता येत नाही. मग गार्सियाच्या गिटारचा तो ‘क्वॅक क्वॅक’ करणारा, फिल्टरमधून आलेला आवाज, आणि मागे दोन ड्रमर एकमेकांच्या जागा भरत जाणारे. दोन्ही गाणी मिळून पंचवीस मिनिटांच्या आसपास. तेव्हा ‘फायर’ बँडच्या कुठल्याच अल्बमवर नव्हतं. ते अल्बमवर आलं १९७८ अखेर, ‘शेकडाउन स्ट्रीट’मध्ये, आणि तिथे चार मिनिटांच्या आत आटोपतं. अल्बमवरून मोजायचं तर ही रात्र हिशेबातच येत नाही.

ती हिशेबात आली ती बँडची ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन हिच्यामुळे. तिने ध्वनिमुद्रण इतकं स्वच्छ केलंय की पियानोची प्रत्येक पट्टी वेगळी ऐकू येते. तिच्या टेप १९८६ साली गोदामाचं भाडं थकल्यामुळे लिलावात गेल्या, आणि तिथून हातोहात पसरत गेल्या. बँडनेही रेकॉर्डिंग करणाऱ्यांना हॉलमध्ये वेगळी जागा द्यायला १९८४मध्ये सुरुवात केली होती. टेपची अदलाबदल करायची, विकायची नाही, हा त्यांचा शिरस्ता. कॉर्नेलची ती रात्र अधिकृतपणे बाहेर आली २०१७ साली. तोवर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तिला जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांत घेतलंही होतं.

म्हणजे श्रोत्यांनी स्वतःच ‘तो एक’ निवडला की, असं कुणी म्हणेल. खरंय काही अंशी. माणसाला बोट ठेवायला एक जागा हवी असते. पण कॉर्नेल वर आलं त्यात वाजवण्याइतकाच बेटीच्या कानाचा वाटा आहे. आणि रोज हे ऐकणारी माणसं कॉर्नेलवरून आजही भांडतात. माझी पसंती व्हेनेटाला.

यात एक नुकसान आहे, ते मला खरंच लागतं. नव्या माणसाला आत यायला दार सापडत नाही. दोन हजारांहून जास्त कार्यक्रम, त्यांतले कितीतरी टेपवर. सुरुवात कुठून करायची? फ्लॉइडचं तसं नाही, एक तबकडी हातात दिली की झालं. माझ्या मावसभावाला मी ‘अमेरिकन ब्यूटी’ देणार नाही. व्हेनेटाचं ‘चायना कॅट सनफ्लॉवर’ देईन, त्यातून ‘आय नो यू रायडर’मध्ये जातात तिथपर्यंत. ते आवडलं तर मग त्याच दिवसाचं ‘डार्क स्टार’, आणि नंतर १९६९चं, म्हणजे एकच गाणं तीन वर्षांत कुठून कुठे गेलं ते त्याचं त्याला कळेल.