जेवणातला ज की जास्तमधला ज

मेडिकल ट्रान्सक्रिप्शन हे काम अजून शिल्लक आहे का असं लोक विचारतात. आहे. फक्त आता टायपिंग कमी आणि मशीनने करून ठेवलेलं निस्तरणं जास्त. इंग्लंडमधले डॉक्टर ओपीडी संपली की पेशंटच्या जीपीला, म्हणजे तिकडच्या फॅमिली डॉक्टरला, पाठवायचं पत्र बोलून रेकॉर्ड करतात, सॉफ्टवेअर त्याचा ड्राफ्ट काढतं, एक एडिटर ऑडिओ ऐकून तो दुरुस्त करतो आणि शेवटची क्यूए, म्हणजे तपासणी, माझ्याकडे येते. मी नाशिकला घरून करते, टेबलाखाली ऑडिओ मागेपुढे करायचं फूट पेडल, कानात हेडफोन, दुपारनंतर फाईली पडायला लागतात.

बाहेरच्यांना पटत नाही पण या कामात स्पीडपेक्षा ब्लँक सोडायला शिकणं अवघड असतं. ऐकू आलं नाही तर अंदाजपंचे शब्द टाकायचा नाही, जागा रिकामी ठेवायची, ऑडिओतलं मिनिट-सेकंद लिहायचं, डॉक्टर भरेल. नियम एकदम बरोबर. पण महिन्याच्या शेवटी प्रत्येक ब्लँकचे मार्क कापले जातात, म्हणजे नियम पाळला की दंड. ही स्कोअरिंगची पद्धत ज्यांनी काढली त्यांनी आयुष्यात कधी हेडफोन लावला नसणार.

नवीन पोरं आली की मी त्यांच्याकडून सगळ्यात आधी पी-एच-ए-जी ही चार अक्षरं घोटून घेते. मूळ ग्रीक, अर्थ खाणे. ही अक्षरं एकापाठोपाठ दिसली की कुणीतरी काहीतरी खातंय किंवा गिळतंय असं समजायचं. ईसोफॅगस म्हणजे अन्ननलिका (यूकेच्या अकाउंटला, म्हणजे क्लायंटला, त्याच्या आधी ओ लागतो, अमेरिकेच्या लागत नाही, आणि दोन्ही अकाउंट एकाच दिवशी करायला लावले की डोकं कामातून जातं). पॉलिफेजिया म्हणजे सारखी भूक, डायबेटिसच्या हिस्ट्रीत भेटतो. ओडिनोफेजिया म्हणजे गिळताना दुखणं, एरोफेजिया म्हणजे हवा गिळणं, ट्रायकोफेजिया म्हणजे केस खाणं. ऑनिकोफेजिया म्हणजे नखं खाणं, हा सांगितला की दोघंतिघं तरी तोंडातलं बोट बाहेर काढतात. बॅक्टेरिओफेज हा बॅक्टेरिया खाणारा व्हायरस, १९१७ मध्ये द'हेरेल नावाच्या शास्त्रज्ञाने ते नाव दिलं, खरं तर तो खात नाही, आत शिरून पिल्लं वाढवतो आणि बॅक्टेरिया फोडतो, पण नाव पडलं ते पडलं. आणि सारकोफॅगस, इजिप्तच्या ममीची ती दगडी पेटी, त्याचा अर्थ चक्क मांस खाणारा, कारण एका जातीचा चुनखडी दगड आत ठेवलेलं प्रेत खाऊन टाकतो असा ग्रीकांचा समज होता. हा शब्द आमच्या फाईलींमध्ये कधीच येत नाही आणि पोरांच्या नेमका तोच लक्षात राहतो.

मग खरी मेख. यातला जी काढून तिथे के टाका, अफेकिया, डोळ्यात लेन्सच नाही. एस टाका, अफेझिया, बोलता येत नाही किंवा बोललेलं कळत नाही. जी ठेवा, अफेजिया, गिळता येत नाही. एका अक्षरात पेशंट नेत्रतज्ज्ञाकडून उठून तिसरीकडेच. म्हणून मी एवढंच पाठ करून घेते, जी म्हणजे गिळणं, एस म्हणजे स्पीच.

मागे याच जी-एसवर एक फाईल अडली, ती स्ट्रोक क्लिनिकची होती. मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक, उजवा हात कमजोर, डिस्चार्जनंतरची पहिली भेट. डॉक्टर बहुतेक कॉरिडॉरमधून चालत बोलत होते, मागे ट्रॉलीची चाकं खडखडत होती. मधे एक वाक्य, हिज डिसफे-काहीतरी हॅज रिझॉल्व्ड बट हिज डिसफे-काहीतरी पर्सिस्ट्स. मशीनने दोन्ही ठिकाणी एस टाकून डिसफेझिया लिहिला होता. म्हणजे बोलण्याचा त्रास गेलाय पण बोलण्याचा त्रास आहे! आणि आमच्या एडिटरने ते तसंच पुढे ढकललं होतं. स्पेलचेकला लाल रेघ दिसली नाही की आजकाल कुणी वाक्य वाचतच नाही.

आता एक जी आणि एक एस हे उघड होतं, प्रश्न होता आधी कुठला. अशा वेळी आपण आजूबाजूला बघतो. गिळण्याचा प्रॉब्लेम असेल तर पत्रात कुठेतरी घट्ट केलेल्या पातळ पदार्थांची लेव्हल येते, तिकडे खाण्यापिण्याची मिळून ० ते ७ अशी ठरलेली पट्टी आहे, पातळ पदार्थांना त्यातली ० ते ४. इथे ती ओळच नव्हती. प्लॅनमध्ये होतं स्पीच थेरपी चालू ठेवणे, आणि तिथेच घोळ, कारण तिकडे बोलणं आणि गिळणं दोन्ही स्पीच थेरपिस्टच बघतात. डाव्या बाजूच्या स्ट्रोकमध्ये दोन्ही होऊ शकतं. आधीची पत्रं आम्हाला दिसत नाहीत.

टीम लीडला चॅटवर विचारलं. उत्तर आलं, "अगं स्ट्रोकमध्ये गिळणं लवकर सुधारतं, बोलणं मागे राहतं, पहिला जी दुसरा एस, टाक आणि सोड, टीएटी चाललाय." टीएटी म्हणजे फाईल परत द्यायची मुदत. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, बहुतेकांचं गिळणं थोड्या आठवड्यांत ताळ्यावर येतं, मी वाचलेल्या पत्रांमध्येही तेच दिसतं. पण माझा कान उलटं सांगत होता. मराठी माणसाला दोन ज लहानपणापासून माहीत असतात, जेवणातला वेगळा, जास्तमधला वेगळा, आणि मला दुसऱ्या जागी जेवणातला ऐकू येत होता. ऑडिओ हळू केला, बास कमी केला, पेडलवर मागेपुढे करून तेच अर्धं सेकंद ऐकत बसले. पाचव्यांदा-सहाव्यांदा ऐकल्यावर कान आपल्याला हवं ते ऐकवायला लागतो हेही माहितीये, त्यामुळे त्याच्यावरही भरवसा नाही. नवऱ्याला ऐकवायचा मोह झाला पण पेशंटचा ऑडिओ बाहेरच्याला ऐकवता येत नाही.

शेवटी दोन्ही जागा रिकाम्या ठेवल्या, वेळ लिहिली आणि खाली नोट टाकली की एक शब्द गिळण्याचा आहे, एक बोलण्याचा, क्रम कृपया डॉक्टरांनी बघावा. टीम लीडने थम्ब्स अप पाठवला, कसला ते कळलं नाही.

दोन दिवसांनी तिकडच्या सेक्रेटरीकडून फाईल दुरुस्त होऊन आली. डॉक्टरांनी ते दोन्ही शब्द भरलेच नव्हते, सरळ लिहिलं होतं की बोलणं आता नीट आहे, पण गिळणं अजून सुरक्षित नाही, पातळ पदार्थ घट्ट करूनच द्यावेत, आणि पुढे लेव्हल २. म्हणजे कान बरोबर होता. आमच्या अनुभवाप्रमाणे भरलं असतं तर जीपीच्या टेबलावर पत्र गेलं असतं की गिळण्याचा त्रास गेलाय, मग साधा चहा, साधं पाणी, ते श्वासनलिकेत, आणि तिथून न्यूमोनिया. कदाचित पेशंटच्या बायकोने घरी बरोबरच चालू ठेवलं असतं, पत्र कोण एवढं वाचतं, माहीत नाही.

मला अजून खटकतं ते हे की मशीनला आम्ही शिव्या घालतो, नेहमी जे येतं तेच टाकतं म्हणून, आणि टीम लीडचं लॉजिक तरी काय वेगळं होतं. नेहमी जे होतं ते टाक. फरक इतकाच की त्याचं वाक्य वाचायला शहाणं दिसलं असतं. मशीनचा गाढवपणा निदान दिसला तरी. मी त्याला हे बोलले, तर म्हणाला फीडबॅक फॉर्ममध्ये लिही. फॉर्ममध्ये अडीचशे अक्षरं मावतात.

त्या डॉक्टरांच्या नावापुढे अकाउंटच्या सूचनांमध्ये मी ओळ टाकली आहे की पी-एच-ए च्या पुढे जी की एस ठरत नसेल तर विचारा. परवा त्यांचीच फाईल आली, पुन्हा कॉरिडॉर, पुन्हा ट्रॉली. आणि त्या महिन्याच्या स्कोअरमध्ये माझे दोन ब्लँकचे मार्क गेले, अपील केलं, अपील रिजेक्ट, कारण म्हणे शब्द ऐकू येण्यासारखा होता.