दोन रकान्यांची शीट आणि व्हीएमएस फाईल

आमचं काम बिडाच्या कास्टिंगवरच्या झिंक फॉस्फेट थराचं. कास्टिंग उद्यमबागेतली, बेळगावची. थर कसा बसलाय हे वरच्या काही नॅनोमीटरात दिसतं, आणि तिथं बघायला एक्सपीएस लागतं, म्हणजे क्ष-किरण पाडून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजणारं मशीन. ते मशीन आमच्याकडे नाही, म्हणून नमुने बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेत पाठवले. उत्तरादाखल एक्सेल शीट आली. एका रकान्यात बाइंडिंग एनर्जी (इलेक्ट्रॉन अणूला किती घट्ट बांधलेला ते), दुसऱ्यात काउंट्स (तसे किती इलेक्ट्रॉन मोजले ते), बस्स.

कोल्हापूरच्या एका गटानं तसलेच नमुने दुसऱ्या कंपनीच्या मशीनवर तपासले होते. त्यांच्याशी ताडून बघायचं तर पास एनर्जी (मशीन इलेक्ट्रॉन ज्या ऊर्जेवर आणून गाळतं ती) किती, क्ष-किरण अॅल्युमिनियमचे की मॅग्नेशियमचे, स्कॅन किती, यातलं काहीच शीटमध्ये नव्हतं. सर्व्हे नंबर नसलेला उतारा घेऊन शेत हुडकण्यातलाच प्रकार. मॅडम म्हणाल्या, "बेंगळुरूवाल्यांकडनं व्हीएमएस फाईल मागून घे की."

1982 च्या व्हर्साय शिखर परिषदेतून व्हॅमास हा प्रगत पदार्थांच्या मानकांचा प्रकल्प निघाला. पृष्ठभागाच्या मोजमापांची देवाणघेवाण कुठल्याही मशीनवरून करता यावी म्हणून त्यांनी व्हीएमएस हा फाईलचा साचा केला. 1998 मध्ये तोच आयएसओ 14976 हे आंतरराष्ट्रीय मानक झाला. फोनवर ऑपरेटर सरांनी आधी "एक्सेल चालत नाही काय?" असं विचारलं, पण एक्सपोर्टच्या यादीत व्हीएमएस निघालं आणि फाईल लगेच आली.

ती नोटपॅडमध्येच उघडते. पहिल्याच ओळीत 4 मे 1988 ही साच्याची तारीख. पुढं संस्था, मशीन, ऑपरेटर, मग प्रत्येक मोजमापाचा वेगळा ब्लॉक: वेळ, तंत्र, क्ष-किरणांची ऊर्जा, पास एनर्जी, स्कॅन, आणि शेवटी आकडे. ओळींचा क्रम ठरलेला. एखादी किंमत माहीत नसेल तरी ओळ गाळायची नाही, तिथं 1 वर 37 शून्यं असा आकडा लिहायचा. मला हा कडकपणा आवडला. काय माहीत नाही, तेही मान्य करायला लावतो.

अक्षरं मात्र साधी आस्कीच, म्हणजे इंग्रजी अक्षरं नि आकडे. मराठीही नाही, कन्नडही नाही. आमच्याकडे पाटीवर वर कुठली भाषा, यावरून काय काय होतं ते ठाऊक असलेल्याला हे वाचून हसूच येईल.

आमच्या फाईलमध्ये ऊर्जा कायनेटिक होती, म्हणजे सुटलेल्या इलेक्ट्रॉनाच्या गतीची. ती अॅल्युमिनियमच्या क्ष-किरणांच्या 1486.6 इलेक्ट्रॉन व्होल्टमधून वजा केल्यावर बाइंडिंग एनर्जी मिळाली आणि जस्ताचा 1022 च्या आसपासचा पीक (आलेखातलं टोक) जागेवर आला. खरी गोम कार्बनची. नमुन्यावर चार्ज साचून सगळे पीक सरकतात, म्हणून हवेतून बसलेल्या कार्बनचा पीक 284.8 वर आणून बाकीचे तेवढेच सरकवतात. ही दुरुस्ती एक्सेलमध्ये आधीच केलेली होती, शीटवर तसा उल्लेख मात्र नव्हता. व्हीएमएसमध्ये आकडे मूळचे होते, म्हणून दोन्ही शेजारी ठेवल्यावरच ते उघड झालं. शीटवरच विसंबलो असतो तर मूळ पीक किती सरकले होते ते कळलंच नसतं. साच्यात त्यासाठी वेगळी ओळ नाही. ते कॉमेंटमध्येच लिहावं लागतं, आणि कॉमेंट लिहायची सक्ती कुणावर नाही.

कोल्हापूरला फाईल पाठवली, त्यांनी काहीही न विचारता उघडली. आता नमुन्याच्या फॉर्मवर मी खाली लिहून टाकतो: व्हीएमएस आणि मशीनची मूळ फाईल, दोन्ही द्या, कार्बनची दुरुस्ती केली असेल तर कॉमेंटमध्ये लिहा.