आमची वाटचाल : धाब्यात अडकलेल्या पाण्याच्या मागे

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, एका फॅक्टरीचं धाबं, म्हणजे गच्ची, मे महिना, दुपारचे बारा, बेचाळीस डिग्री, सात-आठ महिने पावसाचा थेंब नाही, आणि आम्हीच आदल्या सप्टेंबरात गॅसच्या टॉर्चने तापवून चिकटवलेल्या डांबरी मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या थरावर, पुरीसारखे टम्म फुगे आलेले. मी एका फुग्याला पेचकसाचं टोक लावलं तर आधी फुस्स करून हवा निघाली आणि मग पाणी, तेही हाताला चटका बसेल असं गरम. शेठ बाजूलाच उभे होते, काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. छतांची गळती शोधून दुरुस्त करणाऱ्या आमच्या फर्मची खरी सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो, दुकानाचा बोर्ड त्याच्या दोन वर्षं आधी लागला होता तरी.

चूक पूर्ण माझी होती. सप्टेंबरात पावसाने उघडीप दिली, दोन दिवस कडक ऊन पडलं, धाबं वरून पांढरं कोरडं दिसायला लागलं, हात लावला तरी कोरडं, म्हटलं चला उरकून टाकू नाहीतर परत पाऊस येईल. पण मेम्ब्रेनखाली चार इंचांचा विटांच्या तुकड्यांचा कोबा होता आणि तो तीन महिने पाणी पीत बसला होता. वीट पाणी पिते हे घरातल्या बाईलाही माहीत असतं, माठ त्याच्यावरच चालतो. खाली आरसीसी स्लॅब, वर आमचं डांबर, मधलं पाणी जाणार कुठे? उन्हाने काळं मेम्ब्रेन साठ-पासष्ट डिग्रीपर्यंत तापतं, खालच्या पाण्याची वाफ व्हायला लागते, आणि पाण्याची पूर्ण वाफ झाली तर तिला सोळाशे पटीच्या वर जागा लागते, म्हणजे थोडीशी वाफसुद्धा मेम्ब्रेन उचलायला पुरते. फुगा येतो, रात्री बसतो, दुसऱ्या दिवशी परत येतो, असं करत करत जोड सुटतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जोडातून नवं पाणी आत.

ते सगळं काम आम्ही आमच्या पैशाने उखडून परत केलं. तेव्हा मी, एक जुने कडिया, म्हणजे गवंडी, काका आणि दोन मुलं एवढीच फर्म होती, तीन-चार महिने घरखर्च बायकोच्या पगारावर चालला. शेठ मात्र आजही आमचेच क्लायंट आहेत.

आता बाबांबद्दल सांगायला पाहिजे. आमचे बाबा कलाभवनात, म्हणजे आजच्या एमएसयूच्या, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या, टेक्नॉलॉजी फॅकल्टीत, मटेरियल टेस्टिंगच्या लॅबमध्ये होते. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी संध्याकाळी मी त्यांना हा सगळा प्रकार सांगितला, मला वाटलं धीर देतील, पण त्यांनी एकच विचारलं, "अरे, तू आत पाणी किती आहे ते मोजलंस का?" मी म्हटलं हात लावून बघितलं होतं. ते म्हणाले, "हात काय मोजमाप आहे? तुकडा काढ, वजन कर, एकशे पाच डिग्रीला चोवीस तास वाळव, परत वजन कर. मातीचं आम्ही असंच करतो." बस. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच धाब्याचा एक तुकडा कोअर मशीनने काढला, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणला, ओला तुकडा भरला एक किलो एकशे ऐंशी ग्रॅम, वाळल्यावर एक किलो वीस. म्हणजे कोरड्या वजनाच्या साडेपंधरा टक्क्यांच्या वर नुसतं पाणी, आणि ते मे महिन्यात. बाबांनी तो आकडा वहीत लिहिला, तारीख टाकली, खाली धाब्याचा छोटा नकाशा काढला. ती वही अजून चालू आहे, आता सातवी.

बडोद्याच्या मराठीत आपण ओल पण म्हणतो आणि भेज पण म्हणतो. आमच्या टीममध्ये आम्ही दोन्ही शब्द वेगळे ठेवलेत, छताला खालून डाग दिसतो ती ओल, आणि आत कोब्यात नाहीतर इन्सुलेशनमध्ये बसलेला असतो तो भेज. क्लायंट नेहमी ओलीसाठी फोन करतो. पण ओल जिथे दिसते तिथेच वर गळती असेल असं अजिबात नसतं, पाणी कठड्याच्या कोपऱ्यातून शिरतं, स्लॅबच्या उताराने वीस-तीस फूट सरकतं आणि कुठेतरी पंख्याच्या हुकाजवळ नाहीतर वायरिंगच्या पाइपातून खाली टपकतं. मग लोक पंख्याच्या बरोब्बर वरती केमिकल ओततात.

भेज आहे हे ओळखायच्या साध्या खुणा सांगतो, याला मशीन लागत नाही. उन्हाळ्यात पण छताला लोणा फुटत असेल, पांढरी पावडर, पुसली तरी परत येते. धाब्यावर चालताना एखाद्या जागी आवाज पोकळ येतो, नाहीतर मेम्ब्रेन पायाखाली मऊ लागतं. पाऊस थांबून आठवडा झाला तरी एका जागचं शेवाळ हिरवंच. फॉल्स सीलिंगची एक टाइल काढली की कुबट वास. आणि अजून एक, दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, उघड्या कोब्यावर नाहीतर स्लॅबवर चारी बाजूंनी टेप लावून चिकटवा, एक रात्र धरून सोळा तास तरी ठेवा, आणि उचलून बघा. खालच्या बाजूला थेंब किंवा खाली काळसर डाग म्हणजे आत अजून पाणी आहे, काम थांबवा. यात खर्च काहीच नाही आणि तरी दहातले नऊ जण करत नाहीत, याचं मला खरंच वाईट वाटतं.

थर्मल कॅमेरा आम्ही बऱ्याच उशिरा घेतला, लोन काढून. त्याचं तत्त्व साधं आहे, पाण्यात उष्णता साठवायची ताकद काँक्रीटच्या चौपटीच्या वर असते, त्यामुळे दिवसभर तापलेलं धाबं सूर्य मावळल्यावर थंड व्हायला लागलं की कोरडा भाग लवकर थंड होतो आणि भेज असलेला भाग गरमच राहतो, कॅमेऱ्यात तो उजळ डाग दिसतो. पातळ इन्सुलेशनवाल्या छतावर हे सूर्यास्तानंतर तासाभरात दिसतं, पण आपल्याकडचा कोबा जाड, तो सावकाश थंड होतो, म्हणून आम्ही रात्री नऊ-साडेनवाला जातो आणि कधी कधी बारा वाजतात. दिवसभर ऊन पाहिजे, आदल्या दिवशी पाऊस नको, वारा जोराचा नको, धाब्यावर पाणी साचलेलं नको. इतकं सगळं जुळून यायला कधी कधी आठवडा जातो आणि क्लायंट चिडतो, पण घाईत काढलेला फोटो चुकीचा असतो.

आणि कॅमेरा फसवतोही. पहिल्याच महिन्यात एका शोरूमच्या धाब्यावर मला मोठा गरम पट्टा दिसला, मी आत्मविश्वासाने सांगून टाकलं की इथे पाणी आहे, सकाळी कोअर काढला तर तुकडा खडखडीत कोरडा. खालून एसीची गरम पाइपलाइन गेली होती. बडोद्यात बहुतेक धाब्यांवर चायना मोझॅक असतं, पांढऱ्या टाइलचे तुकडे, ते ऊन परत फेकतं, धाबं मुळात तापतच नाही त्यामुळे फरक खूप पुसट येतो. अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत फॉइल असलेलं मेम्ब्रेन तर आणखी वाईट, त्यात कॅमेऱ्याला वरच्या आभाळाचं प्रतिबिंब दिसतं. म्हणून आमचा नियम ठरला तो असा की रात्री खडूने गरम डागांच्या कडा आखायच्या आणि सकाळी तीन कोअर काढायचे, एक डागाच्या मध्ये, एक कडेवर, एक डागाच्या बाहेर, तिन्ही ओव्हनमध्ये. ओव्हनचा आकडा आल्याशिवाय क्लायंटला एक शब्द सांगायचा नाही. कोअरची भोकं त्याच दिवशी नीट बुजवायची, हेही लिहून ठेवतो कारण एकदा राहून गेलं होतं.

लोकांना पाण्याचं वजन सांगितलं की ते गंभीर होतात. दहा हजार फुटांचं धाबं धरा, चार इंच कोबा, आकारमानाच्या दहा टक्के जरी पाणी धरलं तर नऊ हजार लिटरच्या वर होतं, म्हणजे पाण्याचा मोठा टँकर धाब्यावर बारा महिने उभा. आणि ते पाणी स्लॅबमधल्या सळ्यांपर्यंत पोचलं की गंज धरतो, गंजाला मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते, तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि खालून पोपडे नाही, काँक्रीटचे तुकडे पडतात. एका हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये असा तुकडा पडलेला मी बघितलाय, रात्रीची वेळ होती म्हणून कोणी खाली नव्हतं. तिथे आधी तीन वेळा वरून कोट मारून झाला होता, तीन वेगवेगळ्या लोकांनी.

"उपर एक कोट मारी आपो ने भाई", हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. पूर्वी मारून द्यायचो, आता नाही म्हणतो. ओल्या धाब्यावर वरून कोट म्हणजे आतलं पाणी कायमचं कोंडून टाकणं. त्यामुळे कामं जातात, गेल्या दिवाळीनंतर लागोपाठ तीन कामं गेली, आणि ऑफिसमध्ये माझा मुलगा म्हणाला, बाबा, आपण नाही केलं तर दुसरा कोणी करणारच आहे. मी म्हटलं करू दे.

दुरुस्तीचं आमचं जमलेलं गणित सांगतो. भेज वीस-पंचवीस टक्के भागातच असेल तर सगळं धाबं फोडायची गरज नाही, डागाच्या कडेपासून कोरड्या बाजूला अजून एक फूट घेऊन तेवढा चौकोन स्लॅबपर्यंत उघडायचा. स्लॅब उघडी पडली की ती उन्हात वाळू द्यायची, इथेच सगळ्यांचा धीर सुटतो. नोव्हेंबर ते मे हा आपला हंगाम, देवाने सहा-सात महिने कोरडे दिलेत, तरी लोक जूनच्या दहा तारखेला फोन करतात! वाळल्यावर प्लास्टिकचा तुकडा लावून परत खात्री, मग स्लॅबमधल्या फटी भरणं, नवा कोबा घालताना शंभर फुटाला निदान एक फूट उतार, कठड्याशी गोल वाटा, मेम्ब्रेन कठड्यावर फूटभर चढवून भिंतीत खाच मारून आत दाबणं, आणि पावसाच्या पाइपचं तोंड. पाइपच्या तोंडाला आम्ही अर्धा दिवस देतो, कडिया काका ते दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत, सत्तरी आली तरी स्वतः उकिडवे बसून करतात. बहुतेक गळत्या तिथेच आणि कठड्याच्या कोपऱ्यातच सापडल्यात आम्हाला, मैदानासारख्या मधल्या भागात क्वचित.

ब्रीदर बसवा म्हणजे छत आपोआप वाळेल असं बरेच विकणारे सांगतात. ब्रीदर म्हणजे मेम्ब्रेनमधून वर काढलेली टोपीवाली नळी, वाफेचा दाब कमी करते, फुगे कमी येतात, हे बरोबर आहे आणि आम्हीही लावतो. पण भिजून चिंब झालेला कोबा त्या नळीतून वाळत नाही. आम्ही एका गोडाऊनवर ब्रीदर लावून वर्षाने त्याच जागेचा कोअर काढला, आकडा जेमतेम एक टक्क्याने उतरला होता. वहीत आहे.

एक प्रकार मात्र वेगळाच निघाला, तो कोल्ड स्टोअरेजचा. भर एप्रिलमध्ये छतातून थेंब, मालकाला वाटलं पत्रा गळतो, पण पाऊस नाही तर गळणार काय? थंड देशांतल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं की वाफ घराच्या आतून वर छतात जाते, कारण त्यांच्याकडे आत उबदार आणि बाहेर गारठा. आपल्याकडे उलटं, बाहेर गरम दमट हवा आणि आत थंड, वाफ बाहेरून आत घुसते आणि पफ पॅनलच्या, म्हणजे आत फोम भरलेल्या पॅनलच्या, सांध्यात थंड जागा मिळाली की तिथेच पाणी होते. या कोल्ड स्टोअरेजवाल्यांनी सांधे आतून सील केले होते, पाणी आतल्या आत अडकत होतं. आम्ही बाहेरच्या, गरम बाजूने सांधे ब्युटाइल टेप लावून बंद केले, भिजलेले पॅनल बदलले, थेंब थांबले. हे समजायला मला तीन आठवडे आणि दोन झोप न झालेल्या रात्री लागल्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री पस्तीस फुटांच्या वर गेली तेव्हा सगळं शहर तळमजल्याच्या मागे होतं, गाळ, फर्निचर, गाड्या. आमचं ऑफिसही दोन फूट पाण्यात होतं, वह्या तेवढ्या माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या. वरच्या छतांचे फोन यायला लागले ते दसऱ्यानंतर, आणि तेव्हा आम्ही सगळ्यांना एकच सांगितलं की आत्ता फक्त मोजू, काम जानेवारीत. निम्मे थांबले.

आज आम्ही अकरा जण आहोत. कॅमेरा दुसरा आलाय, ओव्हन तोच बाबांनी शोधून आणलेला सेकंडहँड. मागच्या महिन्यात ज्या धाब्यापासून हे सुरू झालं त्या मकरपुऱ्याच्या फॅक्टरीत परत कोअर काढला, शेठनीच बोलावलं होतं, त्यांचा धाकटा मुलगा आता बघतो सगळं. तुकडा चोवीस तास ओव्हनमध्ये होता. दोन टक्क्यांच्या आत आला. कडिया काकांनी आकडा दोनदा वाचायला लावला आणि मग वहीत स्वतःच्या हाताने लिहिला.